पत्ता: मराठी शाळेजवळ

आमच्या उंबरपाड्यात कुणाकडे बारसं असलं की रतन मास्तर आमंत्रणाची वाट बघत बसत नाहीत. पांढरा शर्ट, खिशात खडू आणि चेहऱ्यावर असा आनंद, की बघणाऱ्याला वाटावं नातू यांनाच झालाय. पाळण्यात वाकून बघतात, पेढा तोंडात टाकतात आणि तो गिळायच्या आत बोटं मोजून जाहीर करतात, "हा दोन हजार एकतीसच्या जूनला पहिलीत." बाळाच्या आईला अजून धड बसता येत नसतं, आणि हे तिच्या पोराला बाकावर बसवून मोकळे.

हसू नका. त्या माणसाला दुसरा इलाज नाही.

उंबरपाडा म्हणजे डोंबिवलीहून शीळफाट्याकडे जाताना जे टॉवर लागतात ना, त्यांच्या मागे दडलेलं गाव. आधी शेतं होती, आता चाळी आहेत. मूळचे आम्ही आगरी, आणि आमच्याच चाळींतून भाड्याने राहणारे साताऱ्याचे, जालन्याचे, खेड-चिपळूणचे लोक. गावात पालिकेची मराठी शाळा आहे, पहिली ते चौथी. चार खोल्या आणि दोन शिक्षक. एक आमचे रतन गायकर मास्तर, दुसऱ्या हेमाबाई, त्याच मुख्याध्यापिका. टॉवरच्या पलीकडे मोठी कमान असलेली खासगी इंग्रजी शाळा आहे. तिचं नाव भलं लांबलचक आहे, म्हणून आम्ही सगळे तिला नुसतं 'कमान' म्हणतो.

मी दर्शना. मराठी शाळेच्या गेटसमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, भाडेकरार, ऑनलाइन फॉर्म. मी याच शाळेत शिकले. मी दुसरीत होते तेव्हा हे मास्तर चौथीत होते, आणि मॉनिटर म्हणून बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचे. माझं नाव रोज असायचं. तो राग अजून गेलेला नाही, तेव्हा मी जे सांगेन त्यात थोडं तिखट जास्त पडलेलं आहे असं समजा.

तर शाळेची गोष्ट अशी, की पट वीसच्या खाली गेला तर ती हायवेपलीकडच्या शाळेत मिसळायची, असं वरून तोंडी आलेलं. हायवेपलीकडे म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. डंपर थांबत नाहीत, पूल अर्धाच झालाय. सहा वर्षांचं पोर तिथून चालत जाणार नाही, कुठली आई पाठवणारही नाही. मिसळणं म्हणजे बंदच. यंदा चौथीची आठ पोरं बाहेर पडायची होती आणि मागे पंधरा राहायची होती. म्हणजे जूनमध्ये पहिलीला पाच नवी पोरं हवी. ज्या शाळेत आम्ही एका बाकावर चौघी दाटीवाटीने बसलो, त्या शाळेला आता पाच पोरं मिळायची मारामार!

मास्तर उन्हाळाभर दारोदार फिरतात. काखेत सर्वेक्षणाचं रजिस्टर, त्यात गावातल्या सहा वर्षांच्या प्रत्येक पोराचं नाव, बापाचं नाव, घर कुठं ते. एखाद्या दारात गेले की आधी पाणी मागतात. पाणी प्यायलेल्या माणसाला हाकलता येत नाही, हा त्यांचा अनुभव. मग पोराला जवळ घेऊन म्हणतात, हुशार आहे हो! ते इथं शिकवायला लागले त्याला बावीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून एकही पोर मठ्ठ असल्याचं ऐकलेलं नाही, आणि मी गावातली पोरं ओळखते.

इथवर सगळं ठीक. आता त्यांचा वेडेपणा ऐका.

सरकारचा तो पंचवीस टक्क्यांचा नियम आहे ना, की गरिबाघरच्या पोरांना खासगी शाळेत चौथा हिस्सा जागा आणि फी सरकार भरणार, त्याचे फॉर्म ऑनलाइन भरायचे असतात. लोकांना ते जमत नाही. उत्पन्नाचा दाखला कुठला, नकाशावर घर कुठं दाखवायचं, शाळा किती निवडायच्या, सगळा गोंधळ. मग हे लोक कुणाकडे जातात? मास्तरांकडे. आणि मास्तर काय करतात? माझ्या दुकानात येतात, माझ्या खुर्चीवर बसतात, माझ्या कॉम्प्युटरवर गावातल्या पोरांचे कमानीचे फॉर्म भरतात. फुकट! म्हणजे माझं गिऱ्हाईकही गेलं आणि त्यांचा विद्यार्थीही गेला. मी एकदा चिडून बोलले, मास्तर, तुम्ही आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय आणि धोंडा माझ्या दुकानातला वापरताय. तर शांतपणे म्हणतात, "अगं, आईबाप विचारायला आले. मला येतं, आणि येत नाही म्हणू?"

हेमाबाई यावर कपाळाला हात लावायच्या. सकाळी ज्या दारात हा माणूस पोर मागायला जातो, संध्याकाळी त्याच दारचा कमानीचा फॉर्म भरतो.

माझ्या दुकानाच्या पायरीवर या विषयाची संसद भरते. विरोधी पक्षनेते काळुराम शेट. वय सत्तर, तीन बिल्डिंगी, दोन चाळी, गळ्यात बोटभर जाड साखळी. शाळेची जागा यांच्याच वडिलांनी दिलेली, गेटवर त्यांच्या नावाची पाटी आहे. शेट म्हणायचे, माझ्या बापानं जमीन दिली, मी घरपट्टी भरतो, नातवाची कमानीची फी भरतो, आणि आता भाडेकरूच्या पोरीची फीसुद्धा माझ्याच टॅक्समधून? बंद करा ही शाळा, हॉल बांधा, लग्नं तरी होतील. त्यावर पोपट उसळायचा. पोपट गव्हाणे, रिक्षावाला, शेटच्याच मागच्या चाळीत राहतो. तो म्हणायचा, शेट, रिक्षाच्या गॅसवर टॅक्स आहे, पोरीच्या बिस्किटाच्या पुड्यावर आहे, तो काय माझा मामा भरतो? मग माझी पोरगी कमानीत का नको? शेट म्हणायचे, मग सरकारनं तोच पैसा समोरच्या शाळेत घालून ती नीट का करू नये? पोपट म्हणायचा, नीट होईपर्यंत माझी पोरगी थांबणार का, तिचं लग्नाचं वय होईल. दोघांचंही मला पटायचं, हीच पंचाईत. मी फक्त एकदा शेटना विचारलं, की शाळा बंद झाली तर तुमच्या भाडेकरारांवर पत्ता काय टाकू? शेट चहा न संपवता उठले.

कारण आमच्याकडे घरनंबर नाहीत. आमचा पत्ता म्हणजे मराठी शाळेसमोर, मराठी शाळेमागे, मराठी शाळेजवळ. आधारवर तेच, लाइटबिलावर तेच. आख्खं गाव त्या चार खोल्यांना टेकून उभं आहे. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच सगळं घोडं अडलं.

दोन वर्षांपूर्वी तर मजाच झालेली. सरकारने नियम बदलला, की किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला ही पोरं घ्यायची गरज नाही. मास्तर फॉर्म भरायला बसले तर यादीत पहिलं नाव त्यांच्याच शाळेचं! जिथे ते पाया पडून पोरं बोलावतात, तिथे जायला म्हणे लॉटरी. पोपट तेव्हा बोललेला, मास्तर, तुमच्या शाळेत नंबर लागण्यासाठी कुणाची ओळख लागेल का? मास्तर पोट धरून हसले. पुढे कोर्टाने तो नियम अडवला, सगळे फॉर्म पुन्हा भरायचे झाले. कुणी भरले? याच शहाण्याने.

पायरीवर वाद रंगला की एक प्रश्न हमखास यायचा, आणि तो आला की मास्तरांना अचानक काम आठवायचं. प्रश्न असा, की मास्तर, तुमची पोरगी कुठं आहे?

पोरगी कमानीत. लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली संचिता, नवसासायासाची. तिच्या आईने, लक्ष्मीवहिनीने, पाळण्यातच ठरवलेलं, हिला इंग्रजी शाळा. लक्ष्मीवहिनीपुढे गावात कुणाचं चालत नाही, मास्तरांचं तर नाहीच नाही. नर्सरीपासून ती तिथे, यंदा जूनला पहिलीत जाणार. म्हणजे बघा, लोकांच्या टॅक्समधून मास्तरांचा पगार, आणि मास्तरांच्या पगारातून कमानीची फी. कुठूनही सोडा, पैसा शेवटी कमानीखालूनच जायचा. रोज सकाळी स्कूटरवरून पोरीला तिथे सोडून मास्तर आपल्या शाळेत यायचे. आख्ख्या उंबरपाड्यात हेल्मेट घालणारा हा एकच माणूस. कमानीपाशी ते काढायचे नाहीत. आम्हाला वाटे, माणूस नियमाचा आहे. मग कळलं, तिथे विद्यार्थ्यांचे पालक भेटतात.

यंदा पोपटने ऐश्वर्याचा फॉर्म भरला. म्हणजे मास्तरांनी भरला, माझ्या दुकानात. नकाशावर घर दाखवायची वेळ आली. मास्तर चष्मा विसरलेले, म्हणून माऊस माझ्या हातात होता. भाडेकरारावर काय लिहिलेलं? 'मराठी शाळेजवळ, उंबरपाडा.' करार मीच टाइप केलेला. मी सवयीने खूण मराठी शाळेवर टेकवली आणि पुढे गेले. सगळ्यांचंच तसं करते मी. आजवर कुणी विचारलेलं नाही.

लॉटरीत ऐश्वर्याचं नाव लागलं नाही, प्रतीक्षा यादीत खाली कुठेतरी गेलं. पोपट दोन दिवस पायरीवर फिरकला नाही. मग स्वतःच मास्तरांकडे आला आणि म्हणाला, घ्या मास्तर, तुमच्याकडे घाला. मास्तरांनी रजिस्टर उघडलं. चार नावं आधीच होती. ऐश्वर्या पोपट गव्हाणे हे पाचवं. पंधरा आणि पाच, वीस. त्या संध्याकाळी ते माझ्या दुकानात आले आणि स्वतःच्या पैशाने मला, शेटना, पोपटला वडापाव खायला घातला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. हेमाबाईंनी म्हणे देवापुढे साखर ठेवली.

आणि मे महिन्यात पोपटच्या मोबाइलवर मेसेज आला. प्रतीक्षा यादी खाली सरकली होती. ऐश्वर्याला कमान लागली.

पोपट रिक्षा आडवी लावून धावत आला, मला मेसेज वाचायला लावला, दोनदा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी पोपटची पाठ थोपटली, अभिनंदन केलं, आणि मग म्हणाले, जरा शाळेत जाऊन येतो. सुट्टीत शाळेत काय काम होतं कुणास ठाऊक.

पण आनंद चार दिवस टिकला. पडताळणीला पोपट कल्याणला गेला तर तिथे सांगण्यात आलं, फॉर्ममध्ये दाखवलेली जागा ही शाळा आहे, घर नाही. माहिती चुकीची, प्रवेश रद्द होऊ शकतो. खरं घर कुठं आहे त्याचा पुरावा तीन दिवसांत आणा. आता पुरावा कुठला आणणार? प्रत्येक कागदावर एकच वाक्य, मराठी शाळेजवळ!

पोपट परत आला तो तडक शाळेच्या व्हरांड्यात. मी दुकानातून बघत होते. त्याने आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट वाटलं. म्हणाला, "मास्तर, पाच भरायला केलंत का हे?"

मी रस्ता ओलांडून धावले. माऊस माझ्या हातात होता, खूण मी ठेवलेली, हे माझ्या ओठांवर आलेलं. मास्तरांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि पोपटला म्हणाले, "फॉर्म मी भरला. चूक माझी. मी नीट करून देतो." मी तशीच उभी राहिले. बोलायला हवं होतं. चाळीस वर्षांची बाई, गावभर तोंड चालतं माझं, आणि नेमकं त्या दिवशी चाललं नाही. लाज वाटते मला त्याची.

मग मास्तरांनी अंतर मोजायचं काढलं. पोपटच्या खोलीपासून कमानीपर्यंत किलोमीटरच्या आत असलं म्हणजे झालं, मग खऱ्या घरानेही नंबर टिकतो. कशाने मोजलं? रिक्षाच्या मीटरने! पुढे पोपट, मागे रजिस्टर मांडीवर घेऊन मास्तर. दुभाजकामुळे वळसा पडला, तिथे पाण्याची लाइन खणलेली म्हणून दुसरा पडला, आणि कमानीपाशी मीटर एक किलोमीटर सातशे दाखवायला लागलं. दोघंही तोंड पाडून परत आले. पोपटने तर सवयीने मीटर बघून भाडंसुद्धा सांगितलं. मी बोलले, अहो शहाण्यांनो, नकाशा सरळ रेघ मारतो, त्याला दुभाजक नसतो. कॉम्प्युटरवर खरी खोली दाखवली, रेघ मारली. नऊशे चाळीस मीटर. मास्तरांनी चष्मा लावून तीनदा वाचलं.

आता फक्त खोली नेमकी कुठे आहे याचा सरकारी कागद हवा होता. गावात तो एकच होता. मास्तरांचं सर्वेक्षणाचं रजिस्टर. त्यात त्यांच्या सुवाच्य अक्षरात होतं, की काळुराम शेट यांची मागची चाळ, विहिरीकडून तिसरी खोली.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं कल्याणला गेलो. मी प्रिंट घेऊन, पोपट टोपी हातात घेऊन, मास्तर रजिस्टर काखेत मारून. पडताळणी समितीतले साहेब वयस्कर होते, पूर्वी शिक्षकच असावेत, कारण रजिस्टर हातात घेताच त्यांनी आधी अक्षराचं कौतुक केलं. मग बोट फिरवत त्या ओळीवर आले आणि थांबले. पुढच्या रकान्यात मास्तरांनीच लिहिलेलं होतं, की पहिलीत दाखल, मराठी शाळा, उंबरपाडा.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, तुमच्याच कागदावर ही मुलगी तुमच्या शाळेत दाखल आहे. मग तिला शाळा मिळालेली आहे, प्रकरण इथंच मिटतं. आणि मग आवाज खाली आणून, अगदी मायेने म्हणाले, "मास्तर, तुमचा पट मला माहीत आहे. हे आहे तसं राहू द्या. कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

खरंच होतं ते. मास्तरांनी काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि शाळा वाचत होती. पोपटला ते कळलं. तो जमिनीकडे बघायला लागला.

मास्तरांनी खिशात हात घातला. आधी खडू निघाला, मग पेन. "साहेब," ते म्हणाले, "पोरगी चुकीनं माझ्याकडे यायला नको." आणि त्यांनी त्या पाचव्या नावावर पट्टी ठेवून रेघ मारली. सरळ, एकदाच. बाजूला सही केली, तारीख घातली.

परत येताना पोपट रिक्षा चालवताना रडत होता. मास्तर मागून सांगत होते, अरे समोर बघ, डंपर आहे.

पुढचे पंधरा दिवस मास्तरांनी गाव पालथं घातलं. टॉवरच्या वॉचमनच्या खोल्या बघितल्या, बांधकामावरची पत्र्याची घरं बघितली. एक पोर मिळालं, पण ते पाच वर्षांचं निघालं. एकोणीसचे वीस काही होईनात. हेमाबाईंनी कपाटातल्या फायली बांधायला काढल्या. काळुराम शेट एका सकाळी गेटपाशी आले आणि वडिलांच्या नावाची पाटी रुमालाने पुसत बसले. हॉलचं काय ठरलं म्हणून मी विचारलं नाही.

मला राहवेना. एका दुपारी मी मास्तरांच्या घरी गेले, ते नाहीत असं बघून. लक्ष्मीवहिनी ओटीवर सुकट निवडत बसलेली. मी तिला सगळं सांगितलं. माऊसचं, पोपटचं, कल्याणच्या साहेबांचं, त्या रेघेचं. ती मान वर न करता ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, हे मना कधी बोलले नाय, का? मी म्हटलं, वहिनी, तुला घाबरतात. ती हुं म्हणाली आणि सुकट पाखडायला लागली. मला वाटलं, झालं, उगाच आले.

शाळा सुरू व्हायचा दिवस उजाडला. मास्तरांनी पहाटेच गेटला आंब्याचं तोरण बांधलेलं. नव्या पोरांना द्यायला गुलाब आणलेले, ते पाच. मी बोलले, मास्तर, पोरं चार आहेत. ते म्हणाले, "असू दे. बाजारात पाचाचाच जुडगा होता." त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.

पोपटची रिक्षा आमच्यासमोरून गेली. मागे ऐश्वर्या, नवा टाय, दोन वेण्या. पोपटने रिक्षा थांबवली, पोरीला उतरवलं आणि मास्तरांच्या पाया पडायला लावलं. मास्तरांनी एक गुलाब तिला देऊन टाकला. म्हणजे चाराला चार उरले. प्रार्थना झाली. पोरं वर्गात गेली. मास्तर गेट लावायला आले.

आणि समोरून लक्ष्मीवहिनी आली. तरातरा, पदर खोचून. हाताला संचिता. पोरीच्या अंगावर कमानीचाच युनिफॉर्म, टायसकट, कारण आमच्या शाळेचा शिवायला वेळ कुठं होता? मास्तर गेटची कडी हातात धरून उभेच राहिले.

"बगताय काय?" वहिनी बोलली. "पंधरा दिवस घरान तोंड पाडून बसताय, मना नाय बगवत. आख्ख्या गावाची पोरं शिकवलीत ना? आता घरची एक शिकवून दाखवा. पोर कच्ची राहिली तर मंग मी हाय आन् तुमी हाव."

मास्तर कमानीची फी, तिथली जागा, काय काय म्हणून विचारायला लागले, तर तिने हात उडवला. म्हणाली, जी शाळा तुमच्या पोरीला चालत नाही, ती लोकांच्या पोरींसाठी दारोदार कशाला मागताय? बावीस वर्षांत पायरीवरच्या संसदेला जे असं बोलता आलं नाही, ते या बाईने उभ्या उभ्या सांगून टाकलं आणि निघून गेली. वळणावर मात्र तिने पदराने डोळे पुसले. ते मी बघितलं. तिने नवसाने मागितलेली पोर होती ती.

गुलाब संपलेले. मास्तरांनी खिशातला खडू काढला आणि तो पोरीच्या हातात दिला.

मी दुकान उघडं टाकून वर्गाच्या खिडकीशी गेले. बाकीच्या पंधरांची हजेरी झाली होती, आता पहिलीची चालली होती. चार नावं झाली. मग मास्तरांनी रजिस्टरमध्ये बघत, त्यात ते नाव अजून लिहिलेलंही नव्हतं, घसा साफ केला आणि हाक मारली, "संचिता रतन गायकर."

"येस, टीचर," पोरगी म्हणाली. पोरं खो खो हसली.

"इथं 'हजर' म्हणायचं."

"हजर, बाबा."

मास्तरांनी तिला सुधारलं नाही. फळ्याकडे वळले. आमच्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोज दोन आकडे लिहितात. मी पहिलीत असल्यापासून लिहितात. त्यांनी संचिताकडून खडू मागून घेतला आणि लिहिलं, पट २०, हजर २०. मग खिडकीत रडणारी मी त्यांना दिसले. शाळेच्या वेळेत खिडकीपाशी उभं राहून वर्गाचं लक्ष विचलित केलं म्हणून या माणसाने काय करावं? त्या आकड्यांच्या खाली, चाळीस वर्षांच्या बाईचं नाव फळ्यावर लिहिलं.